दोन बोटं कपाळ

बनशंकरीच्या मेट्रो स्टेशनावर वारा कसा असतो, ते डोक्यावर भरपूर केस असलेल्या माणसाला कळायचं नाही. त्या वाऱ्यानं मागे एकदा एका वकिलाचा विग उडवला. तो एका घारीनं वरच्या वर झेलला आणि त्यात दोन पिल्लं वाढवली. वकील पुढे कित्येक दिवस फलाटावर उभे राहून आकाशाकडे बघायचे आणि म्हणायचे, चला, आपल्याला नाही तर नाही, कुणाला तरी ऊब मिळाली. ज्याला खोटं वाटेल त्यानं घारीला विचारावं.

त्याच वाऱ्यानं एका गुरुवारी संध्याकाळी एक निळी टोपी उडवली, फलाटभर नाचवली आणि नेमकी सुप्रीताच्या चपलेपाशी आणून टाकली.

"आयला, गेली की!"

बेंगळुरूच्या फलाटावर मराठी ऐकू आलं की सुप्रीताचे कान टवकारायचे. साडेतीनशे वर्षांपूर्वी तिचे पूर्वज कापडाचे गठ्ठे घेऊन इथं आले आणि परत जायचं विसरले, तेव्हापासून मराठी ही घरात बोलायची भाषा. ती अशी उघड्यावर भेटली की नातेवाईक भेटल्यासारखं व्हायचं. तिनं मान वर केली. तिशी ओलांडलेला एक उंच, सावळा माणूस कपाळावर हात दाबून धावत येत होता — जणू टोपीपाठोपाठ कपाळही उडून जाईल!

साधीसुधी मुलगी असती तर तिनं आधी त्याचे डोळे पाहिले असते. पाहण्यासारखे होतेही. पण सुप्रीता केसांच्या दवाखान्यात कामाला होती. तिनं आधी डोकं पाहिलं.

"टकलाची तिसरी पायरी," ती पुटपुटली. "उजवीकडे स्वल्प जास्त."

"काय म्हणालात?"

"काही नाही. अण्णा, तुमची टोपी."

त्यानं टोपी घेतली, घाईघाईनं घातली, आणि मग एकदम थबकला.

"तुम्ही... त्या केसांच्या दवाखान्यातल्या का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"आतापर्यंत माझ्या कपाळाशी बोललात. तोंडाकडे बघितलंच न्हाई."

सुप्रीताला हसू आलं. तिनं मुद्दाम त्याच्या तोंडाकडे पाहिलं... आणि जरा जास्त वेळ पाहिलं गेलं. दोघांनी एकाच वेळी नजर रुळांकडे वळवली.

तो महांतेश. मूळचा निपाणीकडचा, आता शहराच्या दुसऱ्या टोकाच्या पीण्या भागातल्या एका कारखान्यात डाय, म्हणजे लोखंडी साचे, बनवणारा. पीण्याहून इथपर्यंत येण्याचं कारण त्यानं खाली बघत सांगितलं. चारदा येऊन दवाखान्याच्या जिन्यावरूनच परत गेला होता. आजची चौथी वेळ.

"पीण्याकडे काय केसांचे डॉक्टर नाहीत?"

"आहेत की. पण तिथं जिन्यावर आमचाच कुणीतरी भेटणार. आणि आमच्या कारखान्यात बातमी लेथपेक्षा जोरात फिरते."

"सरी, ठीक आहे. मग पाचव्यांदा या," सुप्रीता म्हणाली. "जिना मी धरून ठेवते."

तो आला. शनिवारी, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून... आणि टोपी घालून.

डॉक्टर वीणा यांच्यापुढे बसल्याबरोबर त्यानं गुन्हेगारांची यादी वाचली. टँकरचं पाणी. हेल्मेट. भट्टीची धग. कारखान्याच्या कँटीनमधलं खाणं. बेंगळुरूत येऊन ज्याचे केस गेले तो आधी इथल्या पाण्यावर खटला भरतो. डॉक्टरीणबाईंनी असे हजार खटले निकालात काढलेले.

"वडिलांचं कपाळ कसं होतं?" त्यांनी विचारलं.

महांतेशनं टोपी काढली. मग म्हणाला, "असंच."

"मग पाणी, हेल्मेट, भट्टी, सगळे निर्दोष." बाईंनी समजावून सांगितलं. शरीरातल्याच एका पुरुषी रसायनाचा केसांच्या मुळांवर असर होतो, मुळं आकसतात, आणि ती खोड घराण्यातून येते. आधी कानशिलांच्या वर दोन्हीकडे केस मागे सरकतात, मधे टोक उरतं. जाड केसाच्या जागी बारीक, जावळासारखा केस येतो आणि मग तोही येत नाही. रोज दोनदा लोशन, एक गोळी, आणि धीर. "पहिले दीड-दोन महिने उलट जास्त गळतील, घाबरायचं नाही. सहा महिने तरी द्या. आणि खोटी आशा नको... जे आहे ते टिकवणं हाच खरा उपाय. मागे गेलेलं पुढे येतं ते थोडं, तेही नशिबात असेल तर. औषध सोडलं की तीन-चार महिन्यांत तेवढंही जाणार."

सुप्रीताचं काम पुढचं. दर महिन्याला तेच दिवे, तीच खुर्ची, चार बाजूंनी चार फोटो. आणि भुवयांपासून केसांपर्यंतचं माप. तिनं पट्टी त्याच्या कपाळावर धरली. तिची बोटं गार होती, त्याचं कपाळ गरम.

"असंच करून द्या मला," म्हणत त्यानं खिशातून एक फोटो काढला. त्यात बावीस-तेवीस वर्षांचा तोच. केसांचं रान, अर्धं भुवयांवर आलेलं. शेजारी नऊवारीतली एक बाई उन्हानं डोळे बारीक करून हसतेय.

"मुलगी बघायला जायचंय?" सुप्रीतानं शक्य तितक्या कोरडेपणानं विचारलं.

"छे."

"मग?"

"एका बाईनं... ओळखायला पाहिजे मला."

एका बाईनं! सुप्रीतानं माप लिहिलं. ते चुकलं, म्हणून खोडून पुन्हा लिहिलं.

दीड महिन्यानं महांतेश अपॉइंटमेंट नसताना धावत आला. हातात कागदाची पुडी.

"एकशे बेचाळीस!" तो म्हणाला. "एका सकाळीत! मी मोजले."

"डॉक्टर म्हणाल्या होत्या ना, गळतील म्हणून? जुने जातात, नव्यांना वाट देतात." सुप्रीतानं पुडी उघडून गंभीरपणे पाहिली. "अण्णा, यातले दोन मांजराचे आहेत."

तो इतका हसला की बाहेर बसलेले तीन टक्कलवाले आत डोकावले. त्या दिवशी तिची सुट्टी होण्याची वेळ आणि त्याची परतीची वेळ एकच झाली. पुढच्या महिन्यातही झाली. त्याच्या पुढच्या महिन्यात दोघांनी ती जमवून आणली, पण तसं कुणी कुणाला बोललं नाही. गाडी एकच, ती चिकपेटला उतरणार, तो पीण्याला. बनशंकरी ते चिकपेट सात स्टेशनं. पण त्या दोघांना विचाराल तर तीनच होती, आणि तीही जवळजवळ.

"एक सांगू?" तो म्हणायचा. "मला अण्णा म्हणू नका."

"मग काय म्हणू? इथं सगळ्यांना अण्णाच म्हणतात. रिक्षावाले अण्णा, भाजीवाले अण्णा..."

"म्हणूनच. अण्णा सोडून काय पण म्हणा."

"मामा?"

"त्यापेक्षा अण्णा बरं."

चौथ्या महिन्यात, लालबाग गेल्यावर, गाडी जमिनीखाली शिरायच्या बेताला असताना, सुप्रीतानं शेवटी विचारलंच. खिडकीकडे बघत, सहज आठवल्यासारखं.

"ती बाई... जिनं ओळखायला पाहिजे ती... कोण?"

"अव्वा," तो म्हणाला. "माझी आई."

सुप्रीताच्या जिवात जो जीव आला त्याची तिला लगेच लाजही वाटली, कारण त्यानं पुढे जे सांगितलं त्यात आनंद होण्यासारखं काही नव्हतं.

त्याच्या आईला, गंगव्वाला, दोन वर्षांपासून विसर पडायला लागला होता. आधी मीठ, मग वार, मग माणसं. महांतेशचे वडील जाऊन अकरा वर्षं झालेली. आणि गेल्या श्रावणात एका सकाळी तो आंघोळ करून ओले केस मागे फिरवून बाहेर आला, तर अव्वा त्याला बघून पदर डोक्यावर घेत उभी राहिली. म्हणाली, 'अवो, पाणी गरम हुतं न्हवं?'

"मी हसलो. वाटलं, चेष्टा करायलीय. मग आरशात बघितलं." त्यानं टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. "अप्पांचंच कपाळ. दोन बोटं केस मागं सरले आणि मी गेलो. अप्पा आले. तेव्हापासून मी 'अवो'. मी जेवल्याबगर ती जेवत न्हाई. माझ्यापुढं पाठ टेकून बसत न्हाई. हिरव्या बांगड्या भरल्या, कुंकू लावती. आणि सुप्रीता... पंचमीला ती माझ्या पाया पडली. आई. माझ्या पाया पडली."

तिचं नाव त्यानं पहिल्यांदा घेतलं होतं, आणि ते असल्या वाक्यात.

"कारखान्यात मी सुपरवायझर. घरमालकाला मी वरच्या मजल्याचा भाडेकरू. 'म्हांत्या' म्हणणारं एकच माणूस होतं," तो म्हणाला. "एकदा म्हणू दे तिनं. मग गेले केस तरी जाऊ देत."

चिकपेट आलं. दारं उघडली. सुप्रीता उतरली नाही. ती पीण्यापर्यंत गेली आणि तिथून उलट गाडीनं परत आली. घरी उशीर का झाला, याचं उत्तर तिनं मेट्रोवर ढकललं.

त्यानंतर एका रविवारी ती त्याच्या घरी गेली. खालच्या मजल्यावरच्या अंबूबाई दिवसभर गंगव्वाजवळ असायच्या. त्यांनीच दार उघडलं. गंगव्वा लहानशी, वाळकी, डोळे मात्र तरतरीत. सुप्रीताला तिनं पायांपासून केसांपर्यंत पाहिलं, मग महांतेशकडे पाहिलं, आणि काय समजायचं ते समजली.

"अवो," ती शांतपणे म्हणाली, "हिला कवा आणलासा?"

"अव्वा, ही..."

"मला अव्वा म्हणून फसवू नगा. दिसायला बरी हाय. वय तेवढं कमी हाय तुमच्यापरास."

अंबूबाईंनी तोंडाला पदर लावला. सुप्रीतालाही हसू येत होतं, आणि हसू येतंय म्हणून रडू. गंगव्वानं तिला पाट दिला. ताट वाढलं. भाकरीवर लोणी जरा जास्तच घातलं. "जेव बाई. या घरातनं उपाशी कोण जात न्हाई." आणि तिला वाढून झाल्यावर स्वतःची दोन लुगडी एका फडक्यात बांधून, बोचकं मांडीवर घेऊन उंबऱ्यापाशी जाऊन बसली.

"मला म्हायेरी पोचवा," ती म्हणाली. "मी भांडणार न्हाई."

तिची समजूत घालायला दुपार गेली. सुप्रीता निघून गेली तेव्हाच बोचकं सुटलं.

खाली रस्त्यावर महांतेश तिच्यासोबत आला. दोघं बसथांब्यापर्यंत चालत गेले. मग सुप्रीता म्हणाली, "केस येऊ देत. मग बघू, मी कोण होते ते."

"सवत न्हाई ते खरं," तो म्हणाला.

"मग कोण?"

तो थांबला. हात कपाळाकडे गेला, परत खाली आला. "तूच सांग. सगळी मापं तुझ्याकडं आहेत."

ती सांगणार होती. पण बस आली... बेंगळुरूत हवी तेव्हा न येणारी बस नको तेव्हा बरोब्बर येते.

आणि केस आले.

वीणाबाईंनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं. असं क्वचित होतं, म्हणाल्या. कानशिलांवर आधी धूळ बसल्यासारखी काळी झाक, मग बारीक जावळ, मग चक्क केस. सगळं रान नव्हे. पण पुढचे केस लांब ठेवून, भांग बदलून, थोडे कपाळावर ओढले की फोटोतला मुलगा दिसायला लागला. भांग सुप्रीतानं बसवून दिला. कंगवा हातात, तो खुर्चीत, समोर आरसा.

"तुला एक सांगायचंय," ती आरशातल्या त्याला म्हणाली. खऱ्या त्याला सांगणं जमलं नसतं. "मला ते कपाळ आवडायचं. पहिल्या दिवसापासून. हे मी इथं नोकरीला असताना म्हणायला नको."

"मग इतके महिने लोशन कशाला लावायला लावलंस?"

"तुला तुझी आई हवी होती."

त्यानं मागे न वळता तिचा कंगव्याचा हात धरला. "अव्वानं नाव घेतलं ना... की मी तुझ्या घरी येतो. तुझ्या अण्णांना विचारायला."

"माझ्या वडिलांना मी अण्णा म्हणते हे कुणी सांगितलं?"

"तू सगळ्यांनाच म्हणतेस!"

सातव्या महिन्यातल्या रविवारी ती पुन्हा पीण्याला गेली. या वेळी साडी नेसून. जिना चढतानाच वरून हाक ऐकू आली, आणि ती जिन्यावरच उभी राहिली.

"म्हांत्या! आरं, तांब्या कुठं ठेवलास?"

वर महांतेश दारात उभा होता. हातात तांब्या, डोळ्यांतून पाणी, आणि तोंडभर हसू. "सकाळपासनं चारदा शिव्या दिल्यात," तो कुजबुजला. "एकदा कान धरला."

गंगव्वानं सुप्रीताला पाहिलं. सुप्रीताच्या मनात जी भीती होती ती एका क्षणात विरली. "ही व्हय रं? मला सांगितलं न्हाईस? ये माय, बस." तिनं करंड्यातलं कुंकू लावलं, ओंजळीत तांदूळ आणि नारळ घालून ओटी भरली, हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे फिरवला. "नाक बरं हाय. माझ्या म्हांत्याला संभाळ हं. ते कुणाला काय सांगत न्हाई, मनात ठेवतंय."

सुप्रीता वाकली. तिच्या पाठीवरून तो वाळका हात फिरला. आयुष्यात इतका मोठा दिवस येतो तेव्हा तो पुढे काय घेऊन येतो ते सांगत नाही.

जेवायची वेळ झाली. गंगव्वानं त्या दोघांना आणि अंबूबाईंना अशी तीन ताटं वाढली. चौथं, स्वतःचं, घेतलं नाही.

"अव्वा, तू?"

"तुझे अप्पा येऊ देत की."

महांतेशचा घास हातात राहिला.

"कुठं गेल्यात रं? सांगून बी गेले न्हाईत." ती दाराकडे तोंड करून बसली. तीन वाजले, चार वाजले. महांतेश म्हणाला, अप्पा बाहेर जेवून येणार आहेत. "ते भाईर जेवत न्हाईत," ती म्हणाली. म्हणाला, गावी गेलेत. "मग येतील की रातच्याला." बाटलीभर पाणी प्याली तेवढंच.

पुढचे तीन आठवडे असेच गेले. मुलगा घरात आला होता, पण नवरा बाहेर राहिला होता, आणि तो जेवल्याशिवाय घास न घालणं ही त्या बाईची चाळीस वर्षांची रीत. नवऱ्याचा चेहरा ती विसरू शकली, मीठ विसरू शकली, ही रीत काही विसरायला तयार नव्हती. दुपारी अंबूबाईंनी भरवलेला भात ती गालात धरून ठेवायची आणि त्या वळल्या की काढून टाकायची. एके दिवशी महांतेशनं खरं सांगितलं. अप्पा गेले, अव्वा. अकरा वर्षं झाली.

ती ओरडली नाही. हळूच उठली, कट्ट्याच्या कडेवर दोन्ही मनगटं आपटून बांगड्या फोडल्या, आणि आज विधवा झालेल्या बाईसारखी रडली... कारण तिच्या लेखी ती आजच झाली होती. दुसऱ्या दिवशी मनगटांवरच्या ओरखड्यांकडे नवलानं पाहत तिनं पुन्हा विचारलं, "तुझे अप्पा कुठं रं?"

त्यानंतर त्यानं खरं सांगितलं नाही. चौथ्या आठवड्यात ती न्हाणीघरात चक्कर येऊन पडली.

महांतेशनं डोक्याला टॉवेल गुंडाळून पाहिलं, केस पाण्यानं मागे चापून पाहिले. ती हसायची. "अप्पाचं सोंग घेतोयस व्हय रं?" आणि पुन्हा दाराकडे तोंड.

त्यानं सुप्रीताला दवाखान्याबाहेर गाठलं तेव्हा त्याच्या हातात लोशनची बाटली होती. त्यानं ती तिला परत दिली.

"औषध सोडून केस जायला तीन-चार महिने लागतील," ती म्हणाली. तिच्या आवाजात अजून दवाखाना होता. "तेवढा वेळ तिच्याकडे नाही."

"ठाऊक आहे."

"वस्तरा लागेल. आणि मग दर दोन दिवसांनी."

"न्हाव्याकडं गेलो होतो. अप्पांचा फोटो दाखवला. तो म्हणाला, साहेब, लोक वरचं आणायला येतात, तुम्ही काढायला कसे आलात? मला सांगता येईना. परत आलो."

दोघं भिंतीला टेकून उभे राहिले. समोरच्या दुकानात फुलं विकणारी बाई मोगऱ्याची माळ हाताच्या मापानं मोजत होती.

"सुप्रीता... तू थांबशील?"

तिनं बाटली पिशवीत टाकली.

"थांबायचं म्हणजे कशाची वाट बघायची, महांतेश?"

याचं उत्तर एकच होतं, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं.

"मी देवळात जाऊन काय मागू? तिनं माझी ओटी भरलीय. मी घरात आले तर ती बोचकं बांधून उंबऱ्यावर बसते, आणि नाही आले तर... तिच्या जाण्याचे दिवस मोजणारी सून नाही व्हायचं मला. तूही मला तसलं करू नकोस."

"मग?"

"मग रविवारी येते. न्हाव्याला नाही जमणार. माप माझ्याकडे आहे."

रविवारी सकाळी तिनं त्याला गॅलरीत स्टुलावर बसवलं, गळ्याभोवती टॉवेल खोचला, अप्पांचा फोटो कठड्याला टेकवून ठेवला. आत अंबूबाई गंगव्वाला धरून बसल्या होत्या. सुप्रीतानं साबणाचा फेस लावला. उजवीकडे स्वल्प जास्त. वस्तरा फिरत गेला आणि सात महिन्यांचे केस टॉवेलवर पडत गेले. एकेक केस तिनं भिंगातून उगवताना पाहिलेला.

"हळू," तो म्हणाला.

"दुखतंय?"

"न्हाई. लवकर होतंय म्हणून."

तिनं हळू केलं. जितकं करता येईल तितकं. पण दोन बोटं कपाळ ते किती असणार! ओल्या फडक्यानं तिनं फेस पुसला, आणि मग फडकं बाजूला ठेवून नुसत्या तळहातानं पुन्हा एकदा पुसला. त्या उघड्या, गार कपाळावर तिचा हात जरा राहिला. त्यानं डोळे मिटले. मग तिनं हात काढून घेतला आणि म्हणाली, "जा. तिला भूक लागली असेल."

तो आत गेला. गंगव्वानं मान वर केली. थरथरत उठली, पदर डोक्यावर ओढला.

"आलासा?" ती म्हणाली. "किती वाट बघायची माणसानं!"

तिच्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. पाट मांडला, पाणी ठेवलं, भाकरी वाढली. तो खाली मान घालून बसला. सुप्रीता टॉवेल झटकून, वस्तरा पिशवीत घालून बाहेर जायला निघाली तशी गंगव्वाची नजर तिच्यावर गेली.

"ह्या बाई कोण?"

महांतेशनं तोंड उघडलं, पण सुप्रीतानं त्याला बोलू दिलं नाही.

"केस कापायला आले होते, अव्वा."

"बायामाणसं केस कापत्यात?" गंगव्वाला नवल वाटलं. तिनं नवऱ्याच्या कपाळाकडे निरखून पाहिलं. "हात चांगला हाय पर. आता कसं आपलं माणूस दिसायलंय. लगीन झालंय तुमचं?"

"नाही."

"मग घाई करू नगा." ती जवळ आली, आवाज खाली आणला, जणू नवऱ्यानं ऐकू नये. "माझा म्हांत्या ल्हान हाय अजून. पाटी-दप्तर घेऊन शाळंत जातोय. मोठा झाला की मी सोता येते तुमच्याकडं, मागणी घालायला. मला अशीच पायजे."

पाटावर बसलेल्या माणसाचा हात ताटात थांबला.

"जेवा की अवो," गंगव्वा वळून म्हणाली. "तुमी थांबलासा की मी बी उपाशी."

त्यानं घास उचलला. तोंडात घातला. गिळला.

"या, अव्वा," सुप्रीता म्हणाली. "मी चिकपेटला असते. कुणालाही विचारा."

ती जिना उतरली. अर्ध्या वाटेवर कठडा धरून उभी राहिली. वर बराच वेळ काही नव्हतं. मग भांडी हलल्याचा आवाज झाला, एक ताट उचललं गेलं, दुसरं जमिनीवर ठेवलं गेलं, आणि गंगव्वा अंबूबाईंना म्हणाली, "मला बी वाढा गं आता. पोटात खड्डा पडलाय."

मग सुप्रीता उरलेल्या पायऱ्या उतरली.